कापायची नाही, सोडवायची

शिक्षकाने घरी 'ट्रेनिंग आहे' म्हटलं की कोणी पुढचं विचारत नाही. वर्षभरात आम्हाला इतकी ट्रेनिंगं असतात की कशाचं आहे, हे कधीकधी आम्हालाही तिथे पोचल्यावरच कळतं. त्यामुळे यवतमाळच्या धावपट्टीवर पॅराशूटने उडी मारायला शिकवणारं शिबिर आलं, तेव्हा मी वडिलांना 'ट्रेनिंग आहे' एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं. घाटंजीजवळच्या एका गावात आम्ही दोघंच राहतो. वडील पंच्याहत्तरीचे, मी त्रेचाळीसची, आणि "मले न सांगता कुठी गेलती वं?" हा प्रश्न मला अजून विचारला जातो. उडी कशाला मारायची, हे स्वतःला न विचारताच मी नाव नोंदवलं.

शिकवणारे सर फौजेतून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. त्यांनी आम्हाला लोखंडी चौकटीला टांगून एकच गोष्ट पन्नास वेळा करून घेतली. दोऱ्यांना पीळ पडला तर पाय झाडून सोडवायचा. अडीच हजार फुटांपर्यंत सुटला नाही, तर विचार करत बसायचं नाही. लाल मूठ ओढली की मोठं पॅराशूट सुटून जातं, याला सर 'कट करणं' म्हणत; मग चंदेरी मूठ ओढली की राखीव उघडतं. चौकटीला लटकून मी हे सगळ्यांत छान करायचे. सरांनी मला इतरांपुढे करून दाखवायलाही लावलं. मास्तरणीला आणखी काय हवं असतं.

चौथ्या उडीला विमानातून निघतानाच मी वाकडी पडले. पॅराशूट उघडलं, पण दोऱ्यांना पीळ पडला होता आणि त्या पिळाने माझी मान पुढे दाबली गेली होती. कसंबसं वर पाहिलं. पाच फेरे होते. मी पाय झाडले. दोन फेरे सुटले. पण पॅराशूट एका बाजूला कलून स्वतःच गरगरत होतं, त्याने तीन नवे घातले. मी पुन्हा सोडवायला लागले.

इथे वडिलांबद्दल सांगायला हवं. ते अंबाडीचे दोर स्वतः वळायचे. आमच्या घरात दोर कापणं म्हणजे अन्नाला पाय लावणं. पोत्याच्या सुतळीची गाठसुद्धा आधी नखाने, मग दाताने, शेवटी दाभणाने सोडवायची. "गाठ कापनाऱ्यानं एका दोराचे दोन केले, अन् कामाचा एकबी नाही ठेवला," असं ते म्हणत. लहानपणी मी एकदा बैलाचा कासरा कापला, तर मला दिवसभर ओसरीत बसवून त्याची टोकं एकमेकांत गुंफायला लावली होती. तेव्हापासून मी आहेराच्या पुड्याची रिबीनही कापत नाही.

तर मी सोडवत होते. हेल्मेटमधल्या वॉकीटॉकीवर सरांचा आवाज आला, "मॅडम, कट करा." तो वॉकीटॉकी एकतर्फी असतो, आपलं बोलणं खाली जात नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी मी म्हटलं, "एक मिनिट, सर."

माझ्याकडे एक मिनिट नव्हतं. मनगटावरच्या उंची दाखवणाऱ्या घड्याळात काटा दोन हजारांवर आला, मग अठराशेवर. "कट करा, कट करा." मधे एकदा तर एकच फेरा उरला होता, आणि एकच फेरा उरलेली गाठ कोणी कापतं का? तो सुटायच्या आत आणखी दोन पडले. तेव्हा मला वडिलांचा राग आला. इतका राग मला त्यांचा उभ्या आयुष्यात आला नव्हता. त्या रागातच मी लाल मूठ ओढली आणि पाठोपाठ चंदेरी.

राखीव उघडलं. मी एका तुरीच्या वावरात उतरले आणि तिथल्या बाईची तूर मोडल्याबद्दल माफी मागितली.

"तुरीचं राहू दे," ती म्हणाली. "घरी कोन हाय तुह्या?"

"वडील."

"त्याईले मालूम हाय काय, तू हे करून राह्यली म्हनून?"

त्या संध्याकाळी घरी जाऊन वडिलांना सगळं सांगितलं, रागासकट. ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत.

"कापलं तवा जमीन किती दूर होती?" एवढंच त्यांनी विचारलं.

"दीड हजार फूट."

"मले फूट नको सांगू."

मी मनात अंदाज केला. "आपल्या घरापासून वावरातली विहीर आहे ना, तेवढी."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेताच विहिरीकडे निघाले. त्या वाटेने ते साठ वर्षं गेले-आले आहेत. मी दारातून पाहत होते. विहिरीपाशी पोचल्यावर ते वळले आणि घराकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. मग परत आले, चपला काढल्या आणि ओट्यावर बसले.

"लय जवळ हाय वं माय," ते म्हणाले.