हॅन्डल आंधळगावात, गाडी भंडाऱ्यात

आंधळगाव ते भंडारा हा रस्ता आता तुम्ही गाणी ऐकत सहज कापाल. मला एकदा अख्खी दुपार लागली होती. त्या दुपारी मनातल्या मनात जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या पुढच्या सगळ्या नोकरीत दिल्या नसतील.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी आंधळगावच्या शाळेत मास्तरीण, घर भंडाऱ्यात. एसटी आपल्या मर्जीनं यायची आणि मी प्रार्थना संपल्यावर शाळेत उगवायची. हेडमास्तरांनी तंबी दिली. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तोडगा काढला: आंधळगावातच खोली कर, रविवारी घरी ये. एकटीनं खोलीत पोळ्या लाटत बसायच्या कल्पनेनंच माझं डोकं फिरलं. म्हटलं, मोटार घेते. माझे वडील वनखात्यात जीप चालवायचे, त्यामुळे मला स्टिअरिंगची भीती नव्हती. भीती ह्यांना होती. आमचे हे सायकलच्या पुढे गेलेच नव्हते.

गाडी सापडली तीही आंधळगावातच, दौलतकाका नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात, दोन बैलांच्या शेजारी. तिची कंपनी बंद पडलेली. नाव सांगत नाही, गेलेल्याला कशाला नावं ठेवा. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून स्वस्त. भंडाऱ्याच्या मेकॅनिकनं तर सरळ सांगितलं, बाई, ही गाडी नाही, दुखणं आहे. मामाजींनी अट घातली: दिवेलागणीच्या आत आपल्या पायानं दारात आली तर ठेव. बैल जुंपून आणलीस तर ती भंगारवाल्याकडे आणि तू आंधळगावच्या खोलीत.

काका माणूस सरळ. सेल्फ बिघडलाय, हॅन्डल मारलं की चालू होते, हे त्यांनी आधीच सांगितलं. काकूंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं. काकांनी समोरून लोखंडी हॅन्डल खुपसून दोन फेरे मारले, गाडी खोकली आणि गुरगुरायला लागली. काकांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, डोळे पुसले. मला आणि ह्यांनाही गहिवरून आलं, आणि त्या गहिवरात हॅन्डल कुठे गेलं ते कोणीच पाहिलं नाही.

रस्ता तेव्हा एकेरी डांबरी. समोरून ट्रक आला की आपण गुमान मातीत उतरायचं. धान कापून झालं होतं, शेताच्या बांध्यांमध्ये धानाचे पुंजणे रचलेले, वाऱ्याला वाळक्या तणसाचा वास. मी राणीसारखी चालवून राहिले होते आणि हे दाराची कडी दोन्ही हातांनी धरून बसले होते. मोहाडीला आलुबोंड्याचा वास आला. तर्री घातलेला आलुबोंडा निवांत खावा म्हणून मी शहाणीनं इंजिन बंद केलं.

खाऊन झाल्यावर डिक्की उघडली. आत एक नारळ आणि एक पोतं. हॅन्डल नाही.

ह्यांनी हॉटेलवाल्याची सायकल मागून आंधळगाव गाठलं. परत आले ते घामाघूम आणि रिकाम्या हातानं. हॅन्डल गोठ्यातल्या खुंटीवर टांगलेलं होतं, आजवर विकलेल्या बैलांच्या दाव्यांच्या रांगेत. काकांचा निरोप ह्यांनी जसाच्या तसा ऐकवला: "जनावर इकलं, दावं नाई इकलं. दावं देल्लं तर गोठ्याची लक्ष्मी जाते. तुमी आपलं दावं काहून नाई आनलं?"

मी इतकी भडकले की उरलेला आलुबोंडाही खाऊन टाकला. शेवटी हॉटेलातली माणसं धक्का मारायला आली. शेजारचा न्हावी आला, आणि त्याच्यामागे तोंडाला साबण लावलेलं गिऱ्हाईकही आलं. गाडी चालू झाली. आता घरापर्यंत बंद करायची नाही, एवढंच मी मनाशी घोकत होते.

आणि वरठीचं रेल्वे फाटक बंद. एक मालगाडी गेली, तरी फाटकवाला हलेना, दुसरी यायची होती. कारखान्याची पाळी सुटलेली, सायकलवाल्यांची ही गर्दी. प्रत्येकजण खिडकीत डोकं घालून सांगायचा, मॅडम, बंद करा, पेट्रोल जळून राहिलं. मी पाय ॲक्सिलरेटरवर दाबून हसत राहिले. सूर्य कलला होता आणि मला आंधळगावची ती खोली दिसायला लागली होती.

दिवा लागायच्या आत दारात पोहोचलो. सासूबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या. मामाजींनी गाडीभोवती एक फेरी मारली, जनावराचे दात बघावे तशी पुढची जाळी बघितली आणि म्हणाले, "सुनबाई, आता बंद करून चालू करून दाखव. मंग मानतो."

संपलं सगळं. खोटं बोलायचीही ताकद उरली नव्हती. मी इंजिन बंद केलं आणि दाव्याची सगळी कथा सांगून टाकली. ह्यांनी मान खाली घातली.

मामाजी म्हणजे जन्मभर शेती केलेला माणूस, बैलबाजार कोळून प्यालेला. मग त्यांनी धोतराचा सोगा खोचला.

"खराब जनावराचं दावं कोनी ठेवून घेते काय? जनावर चांगलं आहे. चाल, बस आत."

आणि गाडीमागे जाऊन त्यांनी स्वतः खांदा लावला. मला रडूच आलं, पण गिअर टाकायचा होता.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी लोहाराकडून नवं हॅन्डल घडवून आणलं. त्यावर मी बरीच वर्षं शाळा केली आणि प्रार्थना एकदाही चुकवली नाही. खोली कोणी केली नाही. पुढे मामाजी गेले, मग गाडीही थकली. तुमसरचा एक हौशी माणूस ती विकत न्यायला आला. मी हळदकुंकू लावलं, स्वतः हॅन्डल मारलं आणि ते हळूच पदराआड घेतलं. आज ते माझ्या स्वयंपाकघरातल्या खुंटीवर आहे.

जाताना त्यानं विचारलं, रस्त्यात खायला काय चांगलं मिळतं? मी म्हटलं, मोहाडीला आलुबोंडा खा, पण गाडी बंद करू नका.