पाटावरचं टोपण

नव्वदीच्या शेवटी डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत सर्व्हर होता, हे आज सांगितलं की लोक हसतात. तेव्हा घरात कुणी हसत नसे. विठ्ठलवाडीच्या भंगारवाल्याकडून मी एकेक करून जुने कॉम्प्युटर आणलेले. एक दिवाणाखाली, एक स्वयंपाकघराच्या दाराशी, एक जिन्यापलीकडे मित्राच्या घरी. आणि तिघांना जोडणारी एक काळी वायर. दिवाणाखालचा तो सर्व्हर. त्याचा पंखा असा घरघरायचा, की बाबांना टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत नसत.

शेवटी बाबांनी निर्वाणीचं सांगितलं. "दसऱ्यापर्यंत याचा काहीतरी उपयोग दाखव. नाहीतर सगळं भंगारात."

"मग तुमचा बंद पडलेला टेपरेकॉर्डरपण द्या की त्याच्यासोबत," आई म्हणाली. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मी मात्र हादरलो. त्या डब्यांवर माझा जीव होता. आईच्या पाककृती टाइप करून मी सर्व्हरवर ठेवल्या. बाबांनी मित्राच्या घरी बसायचं आणि आमच्या दिवाणाखालची पुरणपोळी तिथल्या पडद्यावर वाचायची, असा बेत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळं झकास चाललेलं.

दसऱ्याला सकाळपासून मी मित्राकडेच तळ ठोकला. बाबा आपट्याची पानं देऊन ऐटीत खुर्चीवर बसले. मी बटणं दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. मित्राच्या आईने चिवडा आणला, बाबांनी तो सावकाश संपवला, तरी पुरणपोळीचा पत्ता नाही.

"ठरलं," बाबा हात झटकत म्हणाले. "उद्या भंगारवाला."

घरी येऊन पाहतो तर सर्व्हरला झेंडूची माळ, कपाळावर हळदकुंकू, आणि वायरचं टोक उघडं. त्या वायरच्या दोन्ही टोकांना बोराएवढं धातूचं टोपण लागायचं. एक जरी निघालं तरी सगळं नेटवर्क आडवं. आमचं टोपण पाटावर होतं, विळी आणि पेचकसाच्या मधोमध.

"अगं आई, हे काढलंस कशाला?"

"मग एवढं धूड पाटावर ठेवू कसं? त्याचं इवलंसं काहीतरी घेतलं पूजेला. चिंचेने घासलंय, बघ कसं चकाकतंय."

मी बाबांकडे वळलो. "बघितलंत? म्हणून चाललं नाही."

"सबबी नकोत. उद्या भंगारवाला."

"पूजा केलेली वस्तू भंगारात?" आईचा आवाज चढला. "दसऱ्याला हळदकुंकू वाहिलंय मी त्याला. माझ्या घरातून ते हलणार नाही."

बाबांनी टीव्ही लावला. पाटावरचं टोपण मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवलं आणि पुरणपोळी निमूट मित्राच्या घरी पोचली. मी इतका खूश झालो की आईला वाकून नमस्कार केला.

पुढच्या दसऱ्याला पाटावर विळी होती, पेचकस होता, आणि त्यांच्या शेजारी बाबांचा बंद पडलेला टेपरेकॉर्डर. आई फुलं आणायला गेल्याचं बघून तो त्यांनीच आणून ठेवलेला.