फाटकावरचा शहाणा

गाण्यातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगतो. चौथी शिकलेला माणूस. गिरणीत पंधरा वर्षं साच्यांच्या, म्हणजे मागांच्या खडखडाटात काढली, तिथे कानाचं काय व्हायचं ते झालं. संपानंतर गिरणी काही आम्हाला परत घेईना, मग घराजवळ बोरिवलीतच एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागलो. अशा माणसाने संगीत महोत्सवात स्वयंसेवक व्हावं, म्हणजे बैलाने लग्नात पानसुपारी वाटण्यातला प्रकार.

पण झालो. बायकोमुळे झालो.

तिला गाण्याचा भारी नाद. आमच्या चाळीच्या खोलीत रेडिओ होता, त्यावर सकाळी एक बाई गायच्या. त्या लागल्या की ही चुलीवरची भाकरी करपली तरी हलायची नाही. मी म्हणायचो, अगो, ती बाई गळ्यात काय अडकलंय म्हणून इतका वेळ खाकरते? ती माझ्याकडे बघायची पण नाही.

तर मे महिन्यात शाळेला सुट्टी पडली आणि शाळेच्या मैदानावर तीन दिवसांचा महोत्सव ठरला. शनिवारी सकाळी सहाला त्याच रेडिओवाल्या बाई येणार. तिकीट घ्यायची आमची ऐपत नव्हती. शाळेतले एक मास्तर सगळं बघत होते. ते चाळीत आले, खुर्च्या वाहायला माणसं पाहिजेत म्हणाले, आणि स्वयंसेवकाच्या घरच्या एका माणसाला फुकट आत सोडू, असंही म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत ही आतून ओरडली, "येतले हो ते! लिहून घ्या त्यांचा नाव!"

बस. मी स्वयंसेवक झालो. तिला त्या बाईंना एकदा समोर बसून ऐकायचं होतं, एवढंच.

मास्तरांनी मला विचारलं, काय काम करता? मी म्हटलं, गेटवर असतो. "मग काय, झकास! फाटक तुमचं," म्हणाले आणि छातीला रेशमी फितीचा बिल्ला लावला. वर एक नियम सांगितला. त्या बाईंची अट होती, गाणं सुरू झालं की कोणी ये-जा करायची नाही. पहिला राग संपेपर्यंत फाटक बंद. "कोणीही येऊ दे, सोडायचं नाही," मास्तर म्हणाले. मी म्हटलं, साहेब, चिंता सोडा. कारखान्यात आमच्या मॅनेजरच्या मेव्हण्याला पण मी पास विचारलाय.

त्या बिल्ल्याने माझी वाट लावली. शुक्रवारी दिवसभर मी तो काढलाच नाही. दूध आणायला तो लावून गेलो. चाळीतली पोरं सलाम करायला लागली, आणि लाज नाही वाटली मला, मी ते सलाम घेतले.

शनिवारी पाचलाच जाऊन उभा राहिलो. ही मागून यायची होती, कारण नळाला पाणी साडेपाचला यायचं. मे महिना, पाऊण तास पाणी, तेवढ्यात सगळं भरून घ्यायचं, नाहीतर दिवसभर कोरडं. त्या दिवशी पाणी आलं सहाला. मला काय ठाऊक. आत तानपुरा वाजायला लागला, बाई बसल्या, मी फाटक लावलं आणि पाय फाकवून उभा राहिलो.

बाहेर पाच-सहा उशिरा आलेले लोक. एक पँटवाला हुज्जत घालत होता. "अरे यार, तिकीट आहे ना माझ्याकडे!" मी म्हटलं, तिकीट असू दे नाहीतर ताम्रपट, आलाप चालू आहे. आलाप म्हणजे काय ते मला आजही माहीत नाही. मास्तरांनी शब्द वापरला होता, तो मी सकाळपासून दहा जणांवर मारला.

तेवढ्यात ही आली. धावतच आली होती. लग्नातलं जांभळं लुगडं नेसलेली, पण खालचा काठ ओला, पाणी भरता भरता तशीच निघालेली. केसात अबोलीचा गजरा. मला बघून हसली आणि फाटकाच्या कडीला हात घातला.

आता पँटवाला बघतोय. बाकीचे बघताहेत. मी काय करावं? मी म्हटलं, "बाई, आलाप चालू आहे. थांबा."

बाई! स्वतःच्या बायकोला, तेही पुस्तकी मराठीत. आमच्या मालवणी घरात 'रवा' म्हणतात, तोपर्यंत कोणी कोणाला 'थांबा' म्हटलेलं नव्हतं.

ती आधी हसली. तिला वाटलं मी मस्करी करतोय. मग हळूच म्हणाली, "अहो, मी आसंय."

"नियम सगळ्यांना सारखा," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच. पँटवाला खूश झाला. "वा काका, मानलं!" म्हणाला. आणि मी फुगलो हो. खोटं कशाला सांगू.

ती बाजूला भिंतीला टेकून उभी राहिली. तिथून गाणं ऐकू येत नव्हतं. समोर रिक्षा स्टँड, त्यात कर्णे सगळे मैदानाकडे तोंड करून लावलेले. पहिला राग संपला की हिला पहिली आत घेऊ, असं मी मनात म्हणत होतो.

आणि मग गाडी आली. मांडवाचा खर्च ज्यांनी दिला होता ते शेटजी, बायको आणि दोन पोरी. गाडीचा दरवाजा उघडला आणि माझ्या हाताने फाटक उघडलं. हातानेच उघडलं म्हणतो, कारण डोकं त्यात नव्हतं. गाडी दिसली की गेट उघडायचं, इतक्या वर्षांची सवय. वर सलामही ठोकला. टाच जुळवून. ते चौघं आत गेले, आणि मी फाटक पुन्हा लावलं.

पँटवाला शिव्या द्यायला लागला, ते ठीक. ही भिंतीपासून माझ्याजवळ आली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "बिल्लो छातीर लावूक दिल्यांनी हा, डोक्यात घालूक नाय." आणि घराकडे चालायला लागली.

मला फाटक सोडता येईना. म्हणजे येत होतं, पण सोडलं नाही. पहिला राग गाऊन संपल्यावर फाटक उघडलं तेव्हा रस्त्यावर ती कुठेच नव्हती. बाई आत दोन तास गायल्या. मी आतच होतो, पण एक सूर माझ्या कानात शिरला असेल तर शपथ.

दुपारी घरी गेलो. तिने ताट वाढलं. भात नेहमीपेक्षा जास्त. भांडण झालं की ती जास्त वाढायची आणि बोलायची नाही. शेजारीण दारात आली. "काय गं, कसं झालं गाणं?" मी घास तोंडात तसाच धरून बसलो.

"मस्त झाला," ही म्हणाली. "ह्यांनी अगदी पुढे बसवल्यांनी माका."

त्यापेक्षा लाटणं मारलं असतं तर बरं.

शेजारीण गेल्यावर मी म्हटलं, "उद्या पाणी मी भरतंय. तू जा. आणि बिल्लो तू लाव, म्हणजे खयचो गाढव तुका अडवूचो नाय."

"तुमका जमतला?" तिने विचारलं. पाण्याचं विचारत होती.

रविवारी ती बिल्ला लावून गेली आणि मी हंडा घेऊन बायकांच्या रांगेत उभा राहिलो. "काय हो सेक्युरिटी, आज इकडे ड्युटी?" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "आलाप चालू आहे गं, ढकलू नकोस!" म्हणजे बातमी चाळभर झाली होती, शेजारणीलासुद्धा सगळं ठाऊकच होतं. एक हंडा जिन्यात पालथा केला, खालच्या म्हातारीच्या शिव्या खाल्ल्या. बाकीचं भरलं.

ती दहा वाजता आली. बिल्ला बघून मास्तरांनी तिला कामालाच लावलं होतं, गाणाऱ्या मुलीसाठी गरम पाणी करायला. त्यामुळे ती स्टेजच्या मागे, पडद्याजवळ बसली. रेडिओवाली बाई नव्हे, कोणी नवीन मुलगी होती. हिने तिची पाठ तेवढी बघितली. "ब्लाऊज पाठीर घामान चिंब," म्हणाली. "कष्टाचा काम असता हो ता. गिरणीसारख्याच." बराच वेळ सांगत होती. मी हो हो करत होतो.

मी विचारलं, कालच्या बाईंसारखं होतं काय?

"काल मी खय आत होतंय?" ती म्हणाली. रागाने नाही. खरं तेच सांगितलं.

त्या बाई आमच्या बाजूला पुन्हा आल्या नाहीत. महोत्सव आणखी एक वर्ष झाला आणि बंद पडला. तिचं ते समोर बसून ऐकायचं राहिलं ते राहिलंच. आता तीही नाही, दोन वर्षं झाली. माफी मी तिच्याजवळ कधी मागितली नाही. पाणी भरलं त्यातच माफी आली, असं धरून चाललो. तिनेही धरलं असेल, नसेलही. तेव्हा विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं.