नाकावरचा रुमाल

डोंबिवलीहून कल्याणला रिक्षाने जाताना आम्हाला एक पूल लागतो. त्याच्याखालून जे वाहतं त्याला सगळे नाला म्हणतात. नकाशात ती नदी आहे, पण नकाशाला वास येत नाही. पुलाच्या अलीकडे मारुतीचं देऊळ दिसलं की माणसं बोलता बोलता रुमाल नाकाला लावतात आणि पूल संपला की वाक्य पुढे चालू करतात. माझा मुलगा याच पुलावरून कॉलेजला जायचा. डुलकी लागलेली असली तरी त्याचा हात बरोबर वर जायचा.

पुढे तो जपानमधल्या एका शहरात नोकरीला लागला. त्याची आई वारल्यावर त्याने मला दोन महिने तिकडे बोलावून घेतलं. मला एकच विचारायचं होतं, परत कधी येणार? डोंबिवलीजवळ कोपरला त्याच्यासाठी घेतलेला फ्लॅट बंद पडून होता.

त्या शहराच्या मधोमध नदी आहे. पहिल्याच संध्याकाळी आम्ही पुलावर पोचलो आणि माझा हात रुमालासकट नाकाकडे गेला. मुलगा हसत सुटला. "बाबा, काय हे! नदी आहे ही."

पाणी गुडघाभर, तळातले गोटे दिसत होते. शाळकरी पोरं दगडांवरून उड्या मारत पलीकडे जात होती. घरी वाजवलं तर शेजाऱ्यांना त्रास, म्हणून एक बाई काठावर ट्रम्पेट वाजवत होती. ऑफिसातून सुटलेली माणसं बूट काढून नुसती बसली होती. मुलगाही रोज तिथे बसायचा. आपल्याकडे कट्टा असतो, इथे नदीच कट्टा. मला हेवा वाटला, रागही आला. माझा प्रश्न मात्र रोज राहून जायचा.

या दिवाळीत तो आला. "इथेच नोकरी मिळतेय का बघतो," म्हणाला. मी लगेच फ्लॅटला रंग लावून घेतला.

मग आम्ही कल्याणला निघालो. देऊळ आलं. शेअर रिक्षातली बाई, मी, एका हाताने रिक्षावालासुद्धा, सगळ्यांनी नाकं झाकली. मुलगा बोलतच होता. पुलाच्या मध्यावर त्याला जोराचा ठसका लागला.

"अहो बाबा, आधी सांगायचं ना!"

आधी सांगावं लागतं ते पाहुण्याला. मला फार वाईट वाटलं. मी माझा रुमाल त्याला दिला.

घरी आल्यावर एजंटला फोन केला. म्हटलं, फ्लॅटला भाडेकरू बघा.