हॉलची समोरची भिंत

दिंद्रुडच्या बाजारपेठेत रुद्रप्पांचं किराणा दुकान होतं. त्यांची पहिली बायको वत्सला, लेकरू नीट बसायला लागायच्या आधीच तापानं गेली. वर्ष उलटायच्या आत रुद्रप्पांनी उमापूरची गंगासागर करून आणली. विशीसुद्धा गाठली नव्हती तिनं. उंबरा ओलांडला न ओलांडला तोच नणंदेनं लेकरू तिच्या कडेवर दिलं आणि त्याला सांगितलं, "ही मावशी बरं का."

तेव्हापासून केदारनाथ तिला मावशीच म्हणत आला. सावत्र आईला मावशी म्हणायची रीतच आहे, त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. पुढं तिची कूस उजवली नाही. "केदार हाय की," रुद्रप्पा म्हणायचे. हळूहळू तीही तसंच म्हणायला लागली.

केदार मोठा झाला. रुद्रप्पा गेले. नव्वदीनंतरचे ते दिवस होते. पत्र्यांच्या घरांवरही टीव्हीच्या छत्र्या उगवत होत्या. केदारनं दिंद्रुडचं दुकान बंद केलं आणि बीडला रंगीत टीव्ही-फ्रिजचं शोरूम टाकलं. ते चाललं, आणि तीन वर्षांत त्यानं तिथं घर बांधलं. दिंद्रुडच्या घराला बैठक होती. या घराला हॉल होता. उदगीरच्या रुचिकाचं स्थळ ठरत आलं होतं, आणि तिच्या माहेरची माणसं घर बघायला येणार होती.

"मावशी, समोरची भिंत मोकळी लई वाईट दिसती," केदार म्हणाला. "चल, तूच निवड काय लावायचं ते."

गंगासागरला हरखून गेल्यासारखं झालं. ठेवणीतलं लुगडं नेसून ती त्याच्यामागं स्कूटरवर बसली. फ्रेमवाल्याच्या दुकानात तिनं तासभर घालवला. लॅमिनेशन केलेले धबधबे, बर्फाचे डोंगर, उधळलेले घोडे, गालावर बोट ठेवलेली गोरी बाळं. केदारला घोडे आवडले. तिला एक साधं चित्र आवडलं होतं, तळ्याकाठी पाणी पिणाऱ्या गाईंचं. पण ती म्हणाली, "घोडेच घे. धंद्याच्या माणसाच्या घरी पळतं चित्र बरं." महात्मा बसवेश्वरांची मोठी तसबीरही तिनं निवडली.

घरी आल्यावर तिनं सगळ्या तसबिरी आधी जमिनीवर मांडून पाहिल्या. ही इकडं, ती तिकडं. मधे बसवेश्वर, एका अंगाला रुद्रप्पांचा फोटो, दुसऱ्या अंगाला घोडे. रुद्रप्पा आणि बसवेश्वरांच्या मधे एक जागा उरत होती. ती आतल्या खोलीत गेली आणि पेटीतून एक फोटो घेऊन आली. परळीच्या जत्रेतला होता तो. रंगवलेल्या पडद्यासमोर स्टुलावर बसलेली ती, आणि तिच्या मांडीवर टोपरं घातलेला केदार, हातात पिपाणी.

"ह्यो इथं लावला तर?"

केदारनं फोटो हातात घेतला. हसला. "मी कसला दिसतोय बघ. पण मावशी, हॉलमध्ये ह्यो बरा दिसायचा न्हाई. लई मळलाय. आतल्या खोलीत लावू." मग म्हणाला, "ह्या मोकळ्या जागेवर आईचा फोटू लावायचाय मला. अप्पांच्या शेजारी. जोडीनं."

"लाव की," गंगासागर म्हणाली. "लावायलाच पाहिजे."

अडचण अशी होती की वत्सलाचा एकच फोटो घरात होता, तोही कुणाच्या तरी लग्नातला. मागच्या रांगेत ती उभी, आणि पुढच्या माणसाच्या फेट्यानं तिला गळ्यापर्यंत झाकलेलं. स्टुडिओवाला भारत म्हणाला, "चेहरा मोठा करून औरंगाबादहून कंप्युटरवर रंग भरून आणतो. पण खाली अंग पाहिजे. आईच्याच अंगलटीचं कुणी बाईमाणूस बसवा. इरकल नेसवा. मान तेवढी आपण बदलू."

केदार संध्याकाळी घरी आला तो तिच्याजवळच येऊन बसला. मग म्हणाला, "मावशी, आईची ती हिरवी इरकल हाय ना तुझ्याकडं?"

"हाय. लाल काठाची."

"तू बसशील का फोटूला?"

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "केदार, आरं, हिरवा चुडा भरावा लागंल. मंगळसूत्र घालावं लागंल."

"फोटूपुरतंच गं. तुझ्याशिवाय कुणाला सांगू मी?"

हे शेवटचं वाक्य तो खरंच मनापासून बोलला होता. त्यामुळं तिला नाही म्हणता आलं नाही.

स्टुडिओच्या पडद्याआड तिनं वत्सलाची इरकल नेसली. रुद्रप्पा गेल्यापासून तिच्या हातात काच नव्हती. तिनं बांगड्या एकेक करून चढवल्या. सगळ्या सैल होत होत्या. आरशात बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, तरी नजर गेलीच, आणि ती झटकन बाहेर आली. भारतनं तिला खुर्चीवर बसवलं, हात मांडीवर ठेवायला लावले, दिवे लावले. "मावशी, हसू नका, रडू पण नका. चेहऱ्याचं तर आपल्याला कामच न्हाई."

मग तो पुढं वाकून म्हणाला, "डाव्या हातावर केवढा डाग हाय. भाजलं व्हतं का? केदारशेठ, काढून टाकू का ह्यो?"

"काढा, काढा," केदार म्हणाला. "आईच्या हातावर डाग कावून पाहिजे?"

गंगासागरनं त्या हाताकडं पाहिलं. केदार तीन वर्षांचा होता तेव्हा, ती दिवाळीच्या करंज्या तळत असताना, चुलीकडं झेपावला होता. कलंडती कढई तिनं हातानंच पलीकडं लोटली होती. तेल तिच्या मनगटापासून बोटांपर्यंत सांडलं. लेकराला एक थेंब लागला नाही. त्यानंतर महिनाभर तिचा हात फडक्यात होता आणि केदार त्या हाताला फुंकर घालायचा. त्याला ते आठवत नव्हतं. तीन वर्षांच्या पोराला काय आठवणार? तिनं मनाशी त्याची बाजू घेतली. बांगड्या उतरवताना एक पिचली आणि बोटाला लागली, ते तिनं पदरात लपवलं.

पंधरवड्यानं फोटो आला. चांगला हातभर उंच, सोनेरी चौकटीत. वत्सलाचा गव्हाळ, थोडा लाजलेला चेहरा, हिरवी इरकल, आणि मांडीवर एकावर एक ठेवलेले दोन स्वच्छ हात. केदारनं स्वतः खिळा ठोकला. "वर घे जरा," गंगासागर खालून सांगत होती. "तेवढं न्हाई. अप्पांच्या खांद्याला खांदा आला पाहिजे. हां, तिथंच."

फोटो लागला. केदार स्टुलावरून उतरला नाही. त्यानं काचेवरून त्या हातांवर बोटं फिरवली. एवढा मोठा शोरूमचा मालक, त्याचे डोळे भरून आले.

"मावशी, आईचे हात असेच आसतील न्हाई?"

ती त्याच्यामागं उभी होती, स्टूल धरून.

"आसेच आसतील, बाळा."

रविवारी उदगीरची मंडळी आली. सगळ्यांनी भिंतीची तारीफ केली. रुचिकाच्या आईनं वत्सलाच्या फोटोला हात जोडले आणि म्हणाली, "किती शांत चेहरा. मायच ती." मग चहाचा ट्रे घेऊन आलेल्या गंगासागरकडं बघून विचारलं, "ह्या कोण?"

"ह्या मावशी," केदार म्हणाला. "घरातलं सगळं ह्याच बघत्यात."

खोटं काहीच नव्हतं त्यात. गंगासागरनं कप ठेवले, साखर विचारली, आणि आत गेली.

लग्न झालं. रुचिका मनाची चांगली निघाली. दिवाळीआधी ती काचा पुसत होती, आणि पुसता पुसता थांबली. तिनं फोटोकडं पाहिलं, मग फरशीवर बसून वाती वळणाऱ्या सासूकडं पाहिलं. बोटं तीच. करंगळीचा तोच बाक.

"मावशी, हे हात तुमचे हायेत का?"

"न्हाई गं."

"तुमच्यासारखेच दिसतेत."

"बाईमाणसाचे हात सगळे सारखेच. तिचेच हायेत ते," गंगासागर म्हणाली. "आन हे बघ, केदारला आसलं काही इचारू नको. त्याची आई हाय ती."

रुचिकानं नंतर विचारलं नाही. पण त्या दिवसापासून गंगासागरला हॉलमध्ये बसवेना. बसलं की हात कुठं ठेवावेत कळेना. दिवाळी झाली, भाऊबीज झाली, आणि तिनं सांगितलं की दिंद्रुडचं घर बंद पडून राहिलंय, उंदरांनी पोखरलं असंल, मी थोडे दिवस जाऊन राहते. केदारनं तिला एसटीत बसवून दिलं. खिडकीतून संत्री दिली. "लवकर ये," म्हणाला.

दिंद्रुडला शेजारच्या छबुबाईनं तिला घर झाडायला मदत केली. काम आटोपल्यावर दोघी ओट्यावर टेकल्या.

"हॉल कसा झालाय म्हणं? पोरं सांगत व्हती लई भारी हाय."

गंगासागर सांगायला लागली. मधे बसवेश्वर कसे, घोडे कसे, ऊन आलं की सोनेरी चौकट कशी चमकते. वत्सलाबाई कशी जिवंत बसल्यासारखी दिसते. केदार रोज सकाळी तिच्या पाया पडून शोरूमला जातो, एक दिवस चुकवत नाही. एवढं सांगून झालं. तिनं पदर तोंडात कोंबला. तरी हुंदका आलाच, आणि मग एकामागं एक येत राहिले.

छबुबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "मालकाची सय आली व्हय? या घरात आलं की यायचीच."

"व्हय," गंगासागर म्हणाली.

ती परत बीडला राहायला गेली नाही. केदार बोलवायचा, रुचिका निरोप धाडायची. नातू झाला तेव्हा ती महिनाभर जाऊन बाळंतपण करून आली. बाळाला तेल लावलं, धुरी दिली, मांडीवर निजवलं. निघताना रुचिकानं विचारलं, "बाळानं तुमाला काय म्हणायचं, मावशी?"

गंगासागरनं पिशवी उचलली. "केदार ठरवंल ते," म्हणाली, आणि रिक्षात जाऊन बसली.