सारवलेल्या भुईवर शवासन

तापाच्या साथीत थोरला भाऊ गेला आणि माझी झोपच उडाली. कर्जतच्या एका मास्तरांनी मला शवासन शिकवलं: उताणं पडायचं आणि पायाच्या बोटांपासून सगळं अंग सैल सोडायचं. पोशीरला घरी येऊन दुपारी सारवलेल्या भुईवर तसा पडलो. डोळा लागतोय तोच शेतावरून आलेल्या आईनं मला गदागदा हलवलं. भाऊ गेला तेव्हा त्यालाही तिथंच, असंच निजवलं होतं.

"कुशीवर नीज रं, असा नको," ती म्हणाली.

मी चिडलो. रात्ररात्र टक्क जागणाऱ्याला कसला आलाय अपशकुन? मी आसन सोडलं नाही. हळूहळू झोप येऊ लागली. पण जाग येई तेव्हा आई उशाशी असायची, माझ्या नाकापुढं बोटं धरून.