फिरत्या घराला डिझेल की गॅस? कर्जत-खालापूरचे तीन दिवस आणि माझं नाक

हल्ली बरेच जण व्हॅनमध्ये संसार मांडून फिरायला निघतात आणि मला विचारतात, "काकू, तुमच्या काळी विजेचं काय करायचात?" तर सांगते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचे हे बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात होते. कुणीतरी टाकून दिलेली मिनीबस यांनी उचलली आणि दोन वर्षं खपून तिचं घर केलं. दुमडता पलंग, मोरी, पंखा, छोटा फ्रिज, सगळं. मे महिन्यात गोकर्णापर्यंत जायचं ठरलं होतं. राहिला होता फक्त जनरेटर. कर्जतला एकाकडे गॅसवर चालणारा होता, खालापूरला एकाकडे डिझेलचा. दोन्ही एकेक दिवस वापरून बघायचे आणि मग एक घ्यायचा, म्हणून फेब्रुवारीत मुलांना आजोळी सोडून आम्ही कल्याणहून निघालो.

आता एक गोष्ट, जी तेव्हा यांनाही ठाऊक नव्हती. मला वास येत नव्हता. धाकटीच्या बाळंतपणातल्या तापात गेला, तो गेलाच. सात वर्षं झाली होती. सांगितलं का नाही म्हणाल, तर आमच्या चाळीत उन्हाळ्यात मसाले भाजायला घेतले की बायका कढई घेऊन माझ्या दारात यायच्या, "बघा हो वहिनी, झालं का?" वासावरून अचूक सांगते म्हणून माझा केवढा तोरा, आणि यांना त्याचा माझ्याहून जास्त. तो काही सोडवेना. मी खोटंखोटं हुंगायचे आणि रंग बघून सांगायचे. घरी गॅसचा नंबर लागला तेव्हासुद्धा "गॅसवरची भाकरी मला आवडत नाही" म्हणून रॉकेलच्या स्टोव्हला चिकटून बसले. गॅस सुटला तर मला कळणार नाही, याची धास्ती होती.

बदलापूर, वांगणी, नेरळ असा रस्ता. खड्डे इतके की फ्रिजमधली अंडी मी मांडीवर घेऊन बसले. नेरळला चहा आणि गरम भजी घेतली, दोघांचं मिळून तीन-चार रुपयांत भागलं. उजव्या हाताला माथेरानचा डोंगर कर्जतपर्यंत सोबतीला होता. यांनी काच खाली केली आणि म्हणाले, "मोहोर काय घमघमतोय बघ." मी म्हटलं, "हो ना."

कर्जतच्या भास्कर मेकॅनिकने जुन्या पेट्रोल इंजिनाला स्वतःच जोडजाड करून ते गॅसवर आणलं होतं. सिलिंडर पलंगाखाली, तिथून नळी मागच्या इंजिनाला. "ह्याला प्रोपेन म्हणतात," तो म्हणाला. "तुमच्या सैपाकाच्या गॅसचा भाऊच समजा. हवेपेक्षा जड हाय, सुटला तर खाली साचतो. पन भ्यायचं कारन नाय, मुद्दाम वास घातलेला असतो. नाक असलं म्हंजे झालं." हे माझ्याकडे बघून कौतुकानं हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुक्काम भिवपुरीच्या बाजूला, वत्सलाबाई नावाच्या एका शेतकरणीच्या खळ्यावर. बाई हसतमुख, पाणी भरायला विहीर दाखवली, ओल्या हरभऱ्याच्या जुड्या दिल्या. जनरेटर म्हणाल तर गुणी. धूर नाही, आवाज शिलाई मशिनइतका. हे खूश. दुपारी मशिन बंद करून हे विहिरीवर गेले आणि मी चहा टाकायला स्टोव्ह पुढे ओढला. काडी पेटीवर ओढणार, एवढ्यात दारात वत्सलाबाई.

"ताई, गॅस सुटलाय जनू. वास येत नाय का तुमाला?"

"येतोय की," मी म्हटलं. सवयच ती.

त्यांनी माझ्या हातातली काडी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. पेटी काढून घेतली, मला दंडाला धरून खाली उतरवलं. पलंगाखालची सिलिंडरची चावी बंद केली, दारं सताड उघडली आणि सूप आणून जमिनीलगतची हवा बाहेर लोटत राहिल्या, कोंडा उडवावा तशी. मग माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"कवापासनं येत नाय?"

"सात वर्षं." पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते.

"मालकांना सांगा गं बाय. गोकर्न लांब हाय."

आणि हे विहिरीवरून आल्यावर मी काय सांगितलं? नळीचा सांधा ढिला होता, वत्सलाबाईंनी सिलिंडर बंद केला, एवढंच. यांनी सांधा आवळला, साबणाचा फेस लावून तपासला आणि म्हणाले, "तुला लगेच वास आला असेल. तू असताना गॅसची काळजी कसली?" वत्सलाबाई उठून निघून गेल्या. मला माझीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी भास्करचं मशिन परत करून चौक गावावरून खालापूर. रस्ता बरा, पण पुढे मुंबई-पुण्याच्या ट्रकांपासून जपून. तालुका कचेरीपासून थोड्या अंतरावर एका वाडीत थांबलो. जनार्दनशेठ लग्नाच्या मांडवांना जनरेटर पुरवायचे. त्यांचा डिझेलचा सेट खाली उतरवायलाच तीन माणसं लागली. हँडल मारलं आणि काळा धूर ओकत तो असा धडधडायला लागला की रस्त्यावरून एक आजोबा आत येऊन विचारते झाले, "कुनाचं लगीन हाय?"

"आवाज हाय, पन इमानी हाय," जनार्दनशेठ म्हणाले. "डिझेल पाजा नि इसरून जा. कुठल्याबी पंपावर मिळतं."

यांनी तासाभरात मशिन बंद करायला सांगितलं. कचेरीसमोरच्या टपरीवर चहा घेताना म्हणाले, "ठरलं. गॅस."

"गोकर्णाला प्रोपेन कुठे मिळणार?"

"दोन सिलिंडर नेऊ."

"सांधा पुन्हा ढिला झाला तर?"

"तू आहेस ना."

मी कप खाली ठेवला. "मी नाहीये," म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं. ताप, मसाले, काल हातात धरलेली काडी. हे रागावतील, ओरडतील असं वाटलं होतं. पण त्यांनी विचारलं, "कारखान्याजवळच्या झाडाचा सोनचाफा आणायचो मी. तोही नाही?"

"तोही नाही."

"मग दर वेळी उशाशी का ठेवायचीस?"

"तुम्ही आणायचात म्हणून."

हे उठले, जनार्दनशेठकडे गेले आणि डिझेलचा सेट सांगून आले.

तिसऱ्या दिवशी पनवेलवरून परतलो. पुढे सेट गाडीबाहेर मागच्या फळीवर बसवला, पायांखाली रबर, धुराड्याचं तोंड खिडक्यांपासून लांब, आणि झोपायच्या आधी मशिन बंद. तुम्हीही असंच करा. डिझेलच्या धुराशीही खेळ नको. गॅसच घ्यायचा असेल तर गळती झाली की वाजणारी डबी हल्ली मिळते, ती आधी घ्या आणि जमिनीजवळ लावा. गोकर्ण झालं, नंतर पुष्कळ झालं. त्या धडधडीत आम्ही एकमेकांशी ओरडून बोलायला शिकलो. आणि घरी गॅस घेतला तेव्हा, स्वयंपाकघरात कधी पाऊल न टाकणारे हे, शेगडीवर काहीही असलं की पेपर घेऊन दाराशी खुर्ची टाकून बसायला लागले. माझं नाक तेव्हापासून तिथे, खुर्चीत. त्या प्रवासातून काय उरलं म्हणाल, तर हे.

परवा दूध करपलं. हे दाराशीच होते, पेपर वाचत. धूर दिसला तेव्हा मी धावत जाऊन शेगडी बंद केली. "आलाच होता वास, उठतच होतो," हे म्हणाले. मला कबूल करायला सात वर्षं लागली होती. आता आमच्या हाताशी तेवढी आहेत की नाहीत कोण जाणे, म्हणून मी खुर्चीशेजारी बसले आणि विचारलं, "कधीपासून?"

पेपरची घडी करत हे म्हणाले, "दिवाळीपासून."